पॅच लावला, स्कॅनर हिरवा झाला, आणि आठवड्याने पासवर्ड पुन्हा फुटले

लक्षणं ओळखीची असतात. सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये मेमरीतला मजकूर बाहेर गळू देणारी त्रुटी जाहीर होते, तुम्ही त्याच रात्री जागून अपडेट चढवता, स्कॅनर (त्रुटी शोधणारं साधन) हिरवा होतो, तिकीट बंद. आठवड्याने तोच स्कॅनर त्याच पत्त्यावर पुन्हा लाल. किंवा स्कॅनर हिरवाच राहतो, पण युजरच्या खात्यांत भलत्याच आयपीवरून लॉगिन दिसायला लागतात. अपडेटची कमांड पुन्हा चालवावी तर ती म्हणते, सगळं आधीच अद्ययावत आहे. मग टीममधलं कुणीतरी 'फॉल्स पॉझिटिव्ह असेल' म्हणून मोकळं होतं. पुढच्या आठवड्यात परत तेच.

हे फिरून फिरून येणारं दुखणं इतक्या वेळा पाहिलंय की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो: भोक अजून उघडं आहे, की भोक बुजलंय पण आधी सांडलेला माल अजून चालतोय? दोन्ही आजार वेगळे, औषधंही वेगळी. 'पॅच केलं का?' हा एकच प्रश्न विचारला की दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

गळतं ते नेमकं काय

उदाहरणाला हार्टब्लीडच घेतो. जुनं आहे, पण या घराण्यातली इतकी उघडीवाघडी त्रुटी दुसरी नाही. सीव्हीई-२०१४-०१६० (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा क्रमांक), ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या बाधित, दुरुस्ती १.०.१जी मध्ये, तारीख ७ एप्रिल २०१४. सदोष कोड मार्च २०१२ पासून लोकांच्या सर्व्हरवर चालू होता, म्हणजे तब्बल दोन वर्षं.

टीएलएसमध्ये, म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या पद्धतीत, 'हार्टबीट' नावाची एक सोय होती. क्लायंट एक छोटा निरोप पाठवतो आणि सर्व्हर तोच निरोप जसाच्या तसा परत करतो. कनेक्शन जिवंत आहे का, एवढंच बघायचं. निरोपात पहिला एक बाइट प्रकाराचा, पुढचे दोन बाइट 'माझा मजकूर इतका लांब आहे' हे सांगणारे, मग मजकूर, आणि शेवटी किमान सोळा बाइट भरताड. आता मजकूर पाठवा एक बाइट आणि लांबी सांगा ६५,५३५. ओपनएसएसएल त्या सांगण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचं आणि मेमरीत त्या एका बाइटच्या पुढे जे काही पडलं असेल ते मिळून जवळजवळ ६४ केबी उचलून परत द्यायचं. दुरुस्तीचा गाभा चिमूटभर आहे: एक अधिक दोन अधिक सांगितलेली लांबी अधिक सोळा, ही बेरीज खरोखर आलेल्या रेकॉर्डपेक्षा जास्त भरली तर निरोप गुपचूप टाकून द्यायचा. बस.

त्या ६४ केबीत काय असतं? मी चाचणी सर्व्हरवर केलेल्या प्रयोगात बहुतेक कचराच होता. शून्यांच्या रांगा, अर्धवट एचटीएमएल, कुठल्यातरी चित्राचे तुकडे. चौथ्या-पाचव्या विनंतीला मात्र लॉगिन फॉर्मची अख्खी ओळ आली. आधी युजरनेम, मग अँपरसँड, मग पासवर्ड. मी पासवर्डात मुद्दाम 'ॲट' चिन्ह टाकलं होतं. ते फॉर्मच्या एन्कोडिंगप्रमाणे टक्क्याचं चिन्ह आणि पुढे ४० असं उमटलेलं दिसत होतं. बाकी अक्षर न् अक्षर जसंच्या तसं.

यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, 'पण आम्ही पासवर्ड बीक्रिप्टने हॅश करून ठेवतो.' ठेवता ना तो उलट न फिरवता येणारा ठसा, डेटाबेसमध्ये. हॅश करण्याआधी पासवर्ड साध्या अक्षरांत सर्व्हरच्या मेमरीत यावाच लागतो, आणि गळती तिथेच आहे. डेटाबेसला कुणी हातही लावलेला नसतो. शिवाय मेमरीत फक्त पासवर्ड नसतात. सेशन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरकडची खूण) असतात, एपीआय टोकन (प्रोग्रामांना मिळणारे तसेच पास) असतात, सर्टिफिकेटची प्रायव्हेट की, म्हणजे साइटची ओळख पटवणारी गुप्त किल्लीसुद्धा असते. की खरंच निघते का, याबद्दल सुरुवातीला बऱ्याच जणांना शंका होती. क्लाउडफ्लेअरने एक सर्व्हर मुद्दाम उघडा ठेवून आव्हान दिलं, आणि ११ एप्रिल २०१४ ला त्याच दिवशी एकाने सुमारे २५ लाख विनंत्या करून की काढून दाखवली.

पहिला आजार: भोक अजून उघडं आहे

यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे चालू प्रोसेस. लिनक्सवर लायब्ररीचं पॅकेज अपडेट केलं की डिस्कवरची फाइल बदलते. पण आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसने जुनी फाइल मेमरीत धरून ठेवलेली असते आणि ती सोडेपर्यंत जुनाच कोड चालतो. पॅकेज मॅनेजर खरं बोलतोय, स्कॅनरही खरं बोलतोय.

'आम्ही एनजिनएक्स (वेब सर्व्हर) रीलोड केलं होतं' हेही पुरेसं नाही. रीलोडमध्ये मास्टर प्रोसेस तीच राहते. ती नवी कॉन्फिग वाचते आणि नवे वर्कर जन्माला घालते. मास्टरच्या पोटात जुनी लायब्ररी असेल तर वर्करनाही तीच वारशाने मिळते. वर्करचे पीआयडी (प्रोसेसचे क्रमांक) नवे दिसतात, म्हणून माणूस निश्चिंत होतो. इथे रीस्टार्टच लागतो. अपाचीलाही सौम्य उपचार न करता सरळ रीस्टार्ट द्या. दोन सेकंद सेवा बंद राहिली तर कुणी मरत नाही.

तपासायचं कसं? उघड्या फाइलींची यादी देणारी एलएसओएफ ही कमांड रूट म्हणून चालवा आणि आउटपुटमध्ये फाइल डिस्क्रिप्टरच्या रकान्यात 'डीईएल' लिहिलेल्या ओळी गाळून घ्या. त्यात एसएसएल किंवा क्रिप्टो लायब्ररीचं नाव दिसलं की ती प्रोसेस जुन्यावर चालतेय. किंवा प्रोक फोल्डरमधली त्या पीआयडीची 'मॅप्स' फाइल उघडा. लायब्ररीच्या नावापुढे कंसात 'डिलिटेड' दिसेल. डेबियन घराण्यात 'नीडरीस्टार्ट' आणि 'चेकरीस्टार्ट', रेड हॅट घराण्यात 'नीड्स-रीस्टार्टिंग' हेच काम करतात. एका ठिकाणी ही यादी काढली तेव्हा वेब सर्व्हर स्वच्छ होता, पण मेल सर्व्हर चौदा महिने रीस्टार्टच झालेला नव्हता. अपटाइमचा अभिमान बाळगणारे लोक असतात. मला तो आकडा बघून पोटात गोळा येतो.

मेल सर्व्हरवरून आठवलं. वेबचं ४४३ पोर्ट तपासून थांबू नका. त्याच लायब्ररीवर मेल वाचायचं आयमॅप, मेल पाठवायच्या एसएमटीपीचं स्टार्टटीएलएस, फाइल पाठवायचं एफटीपीएस, व्हीपीएन, डेटाबेसची एन्क्रिप्टेड कनेक्शन असं बरंच काही उभं असतं. आणि युजरचा मेलचा पासवर्ड आणि वेबचा पासवर्ड एकच असेल, जो सिंगल साइन-ऑनमध्ये असतोच, तर वेब बंदोबस्तात आणि मेल उघडा याला काही अर्थ नाही.

पुढची गडबड कंटेनरची, म्हणजे ॲप आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बांधलेल्या डब्याची. होस्टवर अपडेट केलं म्हणून कंटेनरमधली लायब्ररी बदलत नाही, प्रत्येक इमेज आपापली शिदोरी घेऊन येते. इमेज नव्याने बांधावी लागते, तीही बेस इमेज ताजी ओढून, कॅशमधला थर वापरून नव्हे. स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे लायब्ररी पोटातच घेतलेल्या बायनरींचं तर पॅकेज मॅनेजरला नावही माहीत नसतं. विक्रेत्याने दिलेलं 'काळं खोकं', म्हणजे लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारं) किंवा व्हीपीएनचं उपकरण, त्याची दुरुस्ती विक्रेत्याच्या फर्मवेअरमधूनच येते.

आता माझ्या सोमवारांची गोष्ट. एका कामावर स्कॅनर दर सोमवारी लाल व्हायचा आणि मंगळवारी आपोआप हिरवा. आम्ही चारही सर्व्हर हाताने तपासले, चारही स्वच्छ. तीन आठवडे स्कॅनरलाच शिव्या घातल्या. शेवटी एका सोमवारी सकाळी मी लोड बॅलन्सरच्या पत्त्यावर एकाच तपासणीचे लागोपाठ वीस फेरे मारले. चार बाधित, सोळा ठीक. चार सर्व्हर असते तर हा हिशोब पंचवीस टक्क्यांच्या आसपास किंवा शून्य यायला हवा होता, आणि हाताने तपासल्यावर तर शून्यच. म्हणजे पाचवा कुणीतरी होता. सोमवारी सकाळी गर्दी वाढली की ऑटो-स्केलिंग आणखी एक मशीन उभं करायचं, तेही पॅचच्या आधी काढलेल्या जुन्या इमेजवरून. रात्री गर्दी ओसरली की मशीन गायब. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी चहा पिऊन तपासायला बसायचो तोवर पुरावा शिल्लक नसायचा.

तेव्हापासून मी एकच फेरा कधी मारत नाही. पत्त्यामागे किती मशीन आहेत ते मोजतो, प्रत्येकावर लोड बॅलन्सर टाळून थेट तपासतो, आणि सोनेरी इमेज (नवी मशीन जिच्यावरून बनतात ती), स्नॅपशॉट, आपत्कालीन केंद्रातलं थंड पडलेलं मशीन यांची वेगळी यादी करतो. बॅकअपमधून सर्व्हर परत उभा केला की त्रुटीही परत उभी राहते, हे लक्षात असू द्या.

एका ठिकाणी मात्र स्कॅनर खरंच चुकतो. काही स्कॅनर प्रत्यक्ष त्रुटी न तपासता फक्त आवृत्तीचा आकडा वाचतात. डेबियन, उबंटू, रेड हॅट हे लोक दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवतात आणि मूळ आकडा तसाच ठेवतात. हार्टब्लीडच्या वेळी डेबियन ७ वर दुरुस्त झालेलं पॅकेजही '१.०.१ई' असंच म्हणायचं. फरक होता तो शेपटीत, डेब७यू५ मध्ये. म्हणून आकडा न बघता पॅकेजचं पूर्ण नाव आणि चेंजलॉगमधला सीव्हीई क्रमांक बघा, किंवा प्रत्यक्ष वर्तन तपासणारं साधन वापरा. एनमॅपमध्ये हार्टब्लीडसाठी स्क्रिप्ट आहे, टेस्टएसएसएलही चालतं. अर्थात फक्त आपल्या मालकीच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या सर्व्हरवर.

लॉगमध्ये काहीच नाही, मग?

मग काहीच सिद्ध होत नाही. हार्टबीट टीएलएसच्या थरावर घडतो, एचटीटीपीची विनंती तयार होण्याआधीच. ॲक्सेस लॉगमध्ये एक ओळही पडत नाही. 'लॉग स्वच्छ आहेत, म्हणजे कुणी आलं नव्हतं' असं वरिष्ठांना लिहून देऊ नका.

पण चोरलेला माल वापरला जातो तेव्हा खुणा उमटतात. एप्रिल २०१४ मध्ये मँडिअंट या सुरक्षा कंपनीने एक प्रकरण मांडलं होतं: त्रुटी जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलपासून, हल्लेखोराने एका व्हीपीएन उपकरणाच्या मेमरीतून चालू सेशनचे टोकन काढले आणि दुसऱ्याच्या सेशनमध्ये जाऊन बसला. पासवर्ड लागला नाही, ओटीपीसुद्धा नाही, कारण सेशन आधीच दोन्ही दरवाजे ओलांडून आत आलेलं होतं. व्हीपीएनच्या लॉगमध्ये एकाच सेशनचा आयपी खऱ्या युजर आणि हल्लेखोर यांच्यात सारखा पुढे-मागे उड्या मारत होता. हीच खूण शोधा. एकच सेशन आयडी, थोड्या वेळात दोन वेगळ्या नेटवर्कवरून. मोबाइल डेटा आणि वायफाय बदलणारे खरे युजरही त्यात अडकतील. ते चाळून काढायला एक दुपार जाते, पण सापडलं तर इथेच सापडतं.

दुसरा आजार: सांडलेला माल अजून चालतोय

पॅच लावून शांत बसणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. गोठ्याचं दार आता पक्कं आहे, पण बैल बाहेर आहे आणि कुणीतरी तो रोज औताला जुंपतोय.

२०२३ च्या सिट्रिक्स ब्लीडने हेच पुन्हा दाखवलं. सीव्हीई-२०२३-४९६६, सिट्रिक्सची नेटस्केलर एडीसी आणि गेटवे ही उपकरणं, दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ ला. चूक पुन्हा लांबीचीच. सी भाषेतलं एसएनप्रिंटएफ हे फंक्शन प्रत्यक्ष किती बाइट लिहिले ते सांगत नाही, जागा पुरली असती तर किती लिहिले असते ते सांगतं. तो आकडा तसाच उत्तराची लांबी म्हणून वापरला होता. विनंतीत अवाढव्य लांबीचं होस्ट हेडर (कोणती साइट हवी ते सांगणारी ओळ) घाला, की उत्तराच्या शेपटीला शेजारची मेमरी लटकून येते, सेशन टोकनांसकट. ज्यांनी पॅच लावला आणि उपकरण पुढे चालू ठेवलं त्यांच्याकडे चोरलेली सेशन तशीच जिवंत राहिली. म्हणून पॅचनंतर सगळी चालू सेशन मारून टाका, असं वेगळं सांगावं लागलं.

पासवर्डांचं तसंच. पल्स सिक्युअर व्हीपीएनमधली फाइल वाचू देणारी त्रुटी, सीव्हीई-२०१९-११५१०, एप्रिल २०१९ मध्ये दुरुस्त झाली. वर्षभराने, एप्रिल २०२० मध्ये, अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेला इशारा काढावा लागला की पॅच लावलेल्या संस्थांमध्येही घुसखोरी चालू आहे, कारण आधी चोरलेले ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे (संस्थेतल्या सगळ्या खात्यांच्या नोंदवहीचे) पासवर्ड कुणी बदललेच नाहीत. फोर्टिनेटच्या व्हीपीएनमधल्या सीव्हीई-२०१८-१३३७९ ची दुरुस्ती मे २०१९ ची. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० उपकरणांची लॉगिन माहिती उघड्यावर आली. मधल्या काळात ज्यांनी पॅच लावला पण पासवर्ड तेच ठेवले, त्यांच्या घराची किल्ली त्या यादीत चालूच होती.

आता क्रम. इथे मी हट्टी आहे. आधी पॅच, मग रीस्टार्ट, मग प्रत्येक मशीनवर प्रत्यक्ष तपासणी. त्यानंतर नवी प्रायव्हेट की, नवं सर्टिफिकेट, जुनं रद्द. मग सगळी सेशन आणि टोकन बाद. आणि सगळ्यात शेवटी युजरना 'पासवर्ड बदला'. घाबरलेलं व्यवस्थापन नेमकं उलट सांगतं, सकाळी सकाळी सगळ्यांना मेल पाठवा म्हणतं. भोक उघडं असताना युजरनी पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही त्याच मेमरीतून वाहून जातात. उलट बदलण्यासाठी सगळे एकदम लॉगिन करत असल्यामुळे त्या दिवशी मेमरीत पासवर्डांचा पूरच असतो.

सर्टिफिकेटच्या पायरीवर एक हमखास चूक होते. सर्टिफिकेट नवं निघतं, पण जुनीच सीएसआर फाइल (सर्टिफिकेटचा अर्ज) परत वापरल्यामुळे की जुनीच राहते. तारीख नवी, अनुक्रमांक नवा, ब्राउझरला सगळं छान दिसतं आणि चोराकडची की तशीच चालते. दोन्ही सर्टिफिकेटांमधली पब्लिक की बाहेर काढा आणि त्यांचे हॅश शेजारी शेजारी ठेवा. हॅश सारखे आले तर तुम्ही फक्त कागद बदललाय. फॉरवर्ड सीक्रसी (प्रत्येक कनेक्शनला वेगळी तात्पुरती की) नसेल तर आणखी एक जुनं पाप वर येतं: पूर्वी कुणी एन्क्रिप्टेड ट्रॅफिक साठवून ठेवलं असेल तर त्या कीने ते आता उलगडतं. त्या काळात त्या वाहिनीवरून गेलेला प्रत्येक पासवर्ड फुटला असं समजून चला.

सेशन बाद झाली का, हे अंदाजाने ठरवू नका. दोन ब्राउझर उघडा, दोन्हींत एकाच चाचणी खात्याने लॉगिन करा. एकात पासवर्ड बदला. दुसऱ्यात जाऊन पान ताजं करा. अजून आतच आहात? मग तुमच्या ॲपमध्ये पासवर्ड बदलल्याने चोराला काहीच होत नाही. जेडब्ल्यूटी (सही केलेलं टोकन) वापरणाऱ्यांकडे हे फार दिसतं. टोकन सर्व्हरवर साठवलेलंच नसतं, मुदत संपेपर्यंत ते खरंच मानलं जातं. तिथे सही करण्याचं गुपित बदलणं हाच एक घाव दोन तुकडे उपाय. सगळे युजर एकदम बाहेर फेकले जातील आणि हेल्पडेस्क दिवसभर तुमच्या नावाने खडे फोडेल, तयारी ठेवा. 'मला लक्षात ठेव' वाली कुकी, रिफ्रेश टोकन आणि मोबाइल ॲपचं टोकन हे तिन्ही वेगवेगळे तपासा. नेहमीचं सेशन मेलं तरी यातलं एखादं मागल्या दाराने नवं सेशन काढून देतं.

आणि माणसांच्या पासवर्डांच्या नादात सर्व्हिस अकाउंट (प्रोग्रामांची खाती) विसरली जातात. डेटाबेसचा पासवर्ड, ईमेल पाठवणाऱ्या सेवेची की, ऑब्जेक्ट स्टोरेजची की, सगळं त्याच प्रोसेसच्या मेमरीत बसलेलं असतं. ही बदलायला लोक घाबरतात, कारण तोच पासवर्ड आणखी कुठे कुठे लिहून ठेवलाय ते कुणालाच ठाऊक नसतं. माझी पद्धत अशी: नवं क्रेडेन्शियल (पासवर्ड किंवा की) जुन्याच्या शेजारी तयार करायचं, एकेक सेवा त्यावर हलवायची, मग जुन्याच्या वापरावर काही दिवस नजर ठेवायची. वापर शून्यावर आला की जुनं बंद. शून्यावर येतच नसेल तर एकतर विसरलेली स्क्रिप्ट आहे किंवा पाहुणा. दोन्ही सापडलेले बरेच. फक्त ही चैन कमी अधिकाराच्या खात्यांपुरती ठेवा. ॲडमिनच्या पातळीचं क्रेडेन्शियल फुटलं असेल तर लगेच बंद करा, काय मोडतंय ते मोडू द्या.

एसएसएचच्या (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) कीबद्दल हार्टब्लीडच्या वेळी उगाच धावपळ झाली होती. ओपनएसएसएच टीएलएस वापरतच नाही, त्यामुळे त्या त्रुटीचा त्याला थेट धक्का नव्हता. पण फाइल वाचू देणारी त्रुटी असेल आणि वेब सर्व्हरच्या युजरला वाचता येईल अशा फोल्डरात कुणी की ठेवली असेल, तर ती गेली म्हणायची. त्रुटी मेमरीची की फाइलची, यावर काय काय बदलायचं ते ठरतं, म्हणून बातमीतली मोठी अक्षरं सोडून तांत्रिक तपशील आधी वाचा.

शेवटी युजरना जाणारा मेल. तो दोन ओळींचा ठेवा आणि त्यात लिंक देऊ नका. अशी बातमी फुटली की त्याच दिवशी खोटे 'पासवर्ड बदला' मेल सुटतात, आणि तुमचा खरा मेल त्यांच्यासारखाच दिसला तर लोक चुकीच्या दारात जाऊन नवा पासवर्ड देऊन येतात. 'नेहमीच्या पत्त्यावर स्वतः जाऊन लॉगिन करा, आत गेल्यावर पासवर्ड बदलायला सांगितलं जाईल. हाच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला' एवढं पुरतं. पुढच्या लॉगिनला बदल सक्तीचा करा, नाहीतर निम्मे लोक मेल वाचून पुढे सरकतात. आणि तिकीट बंद करण्याआधी ऑटो-स्केलिंगला हाताने एक नवं मशीन उभं करायला लावा आणि त्यावर तपासणी चालवून बघा. आमचं सोमवारचं कोडं त्या एका फेऱ्यात पहिल्याच दिवशी सुटलं असतं.